गोळी, जेवण आणि झोप : पार्किन्सन्सच्या घरातले प्रश्न

या वेळची पत्रं पार्किन्सन्स (कंपवात) असलेल्या घरांतून आली आहेत. कुणी झोपेबद्दल लिहिलंय, कुणी भुकेबद्दल. पण पत्र पूर्ण वाचलं की दुसरी तक्रार शेवटच्या दोन ओळींत सापडतेच. म्हणून उत्तरं एकत्रच देत आहोत. औषधांची नावं आणि मात्रा समजुतीसाठी आहेत. बदल करायचा तो आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्सला सहा वर्षं झाली. आठ महिन्यांत वजन ६२ किलोवरून ५७ वर आलं. रात्री तीन-चार वेळा उठतात. झोप कमी झाली की भुकेची हार्मोन्स बिघडतात आणि माणूस जास्त खाऊन जाड होतो, असं वाचलं होतं. इथे तर उलटंच चाललंय. घ्रेलिनची रक्ततपासणी करून घ्यावी का? – नाशिक

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते धडधाकट तरुणांबद्दल. शिकागोमधल्या २००४ सालच्या एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांच्या रक्तातलं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि भूक वाढली. लेप्टिन चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला 'साठा आहे, पुरे' असं कळवतं. घ्रेलिन रिकाम्या जठरातून निघतं, जेवणाच्या वेळेआधी वाढतं आणि जेवल्यावर खाली येतं. जठराची हालचाल वाढवणं हेही त्याचं काम.

पार्किन्सन्समध्ये हे गणित सरळ चालत नाही. चरबी झडली की लेप्टिन कमी होतं, हे इथेही घडतं. नियमाप्रमाणे त्यानंतर भूक खवळायला हवी. पण निरोप पोचला तरी घास तोंडापर्यंत जाण्याच्या वाटेत अडथळे फार. वास येणं बहुतेकांचं कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधीच मंदावलेलं असतं, त्यामुळे फोडणीचा वास सुटला तरी तोंडाला पाणी सुटत नाही. पोटाला चालना देणाऱ्या व्हेगस नसेचं मेंदूतलं केंद्र या आजारात लवकर बाधित होतं. जठर सावकाश रिकामं होतं आणि दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं. त्यात बद्धकोष्ठ, गोळ्यांमुळे येणारी मळमळ, उदासीनता. ज्यांना गोळीच्या अमलात अंग वळवळण्याचा, डोलण्याचा त्रास आहे त्यांची ऊर्जाही जास्त जळते.

घ्रेलिनचं म्हणाल, तर २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांना असं दिसलं, की जेवणानंतर खाली गेलेलं घ्रेलिन पुन्हा वर यायला हवं तसं पार्किन्सन्सच्या रुग्णांत येत नाही. झोपेत हातपाय झाडणाऱ्या, पण पार्किन्सन्स अजून न झालेल्या लोकांतही तसंच आढळलं. इतर अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे विषय रंजक आहे, पण उपचार ठरवण्याइतका पक्का नाही. तपासणी करू नका. हे हार्मोन तासातासाला बदलतं, त्याचं क्रियाशील रूप नळीत काढल्यावर लगेच विघटित होऊ लागतं, आणि आकडा काहीही आला तरी त्यावरून कुठली गोळी बदलायची हे ठरत नाही. त्या पैशात हिमोग्राम, थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२ आणि फेरिटिन (लोहाचा साठा) करून घ्या. वजन आठ टक्क्यांनी उतरलंय. सहा महिन्यांत पाच टक्के उतरलं तरी डॉक्टर कारण शोधायला लागतात, तेव्हा हे 'वयामुळे' म्हणून सोडायचं नाही. पार्किन्सन्सशिवाय दुसरं कारणही असू शकतं, आणि जुना आजार माहीत असला की नव्याकडे दुर्लक्ष होतं.

घरात दोन गोष्टी आजच बघा. एक, कवळी असेल तर ती सैल झालीय का. वजन उतरलं की हिरड्याही बसतात, कवळी हलते, आणि माणूस 'भूक नाही' म्हणून ताट सरकवतो. दोन, जेवायला वेळ किती लागतो. एक वाटी भात-वरण संपवायला पाऊण तास लागत असेल, पाणी पिताना ठसका येत असेल किंवा घोट घेतल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल तर प्रश्न गिळण्याचा आहे. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. अशा वेळी 'खा, खा' म्हणून आग्रह करणं धोक्याचं असतं, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

गिळणं ठीक असेल तर ताट मोठं करू नका, घास जड करा. वरण-भातावर दोन चमचे तूप म्हणजे जवळपास ९० कॅलरी. ३० ग्रॅम दाण्याचं कूट म्हणजे सुमारे १७० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं. ते कोशिंबिरीत, भाजीत, आमटीत खपून जातं. नाचणीचं सत्त्व, खजूर, केळं, गुळाचा शिरा. रोज ३०० ते ४०० कॅलरी अशा भरल्या तर दोन-तीन आठवड्यांत काटा थांबलेला दिसायला हवा. वास येत नाही तिथे चव धारदार हवी : लिंबू, आमसूल, मिरी, पुदिन्याची चटणी. पण वास न येणाऱ्याला आंबलेली आमटी किंवा गॅसची गळतीही कळत नाही, तेव्हा स्वयंपाकघराची ती जबाबदारी दुसऱ्याकडे द्या.

आता झोप. 'तीन-चार वेळा उठतात' एवढ्यावरून डॉक्टरांना काही करता येत नाही, कशाने उठतात हे हवं. सात दिवस वहीत पाच रकाने भरा : गोळीची वेळ, खाल्लं काय आणि कधी, अंथरुणावर पडल्याची वेळ, जाग आली तेव्हा नेमकं काय होत होतं (लघवी, कूस वळता न येणं, पायात गोळा, स्वप्न, घाम), आणि सकाळी अंग मोकळं व्हायला लागलेला वेळ. वजन दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर. या वहीचं मोल घ्रेलिनच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी जास्त आहे. खालच्या बहुतेक उत्तरांतही तीच लागणार आहे.

प्रश्न : आई रात्री साडेनऊला जेवते आणि दहाला ग्लासभर गरम दुधाबरोबर लेव्होडोपाची शेवटची गोळी घेते. पहाटे दोनला लाकडासारखी ताठ होते, कूस वळवता येत नाही, मला हाक मारते. दिवसा तीच गोळी छान काम करते. गोळी बदलायला हवी का? – सोलापूर

आधी दूध बदला, म्हणजे वेळ. झोपताना दूध ही आपल्याकडची जुनी, प्रेमाची सवय आहे आणि बहुतेक घरांत गोळी त्याच ग्लासाबरोबर जाते. पण लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. दूध, डाळ, अंडी, पनीर पचून जी अमिनो आम्लं तयार होतात तीही लहान आतड्यातून त्याच दारानं आत जातात, आणि रक्तातून मेंदूत शिरायचं दारही सामाईक. दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. २०० मिलिलिटर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. त्याआधी अर्ध्याच तासापूर्वीचं जेवण पोटात आहे, आणि पार्किन्सन्समध्ये जठर मुळातच संथ. गोळी त्या जेवणात अडकून बसते. ती शोषली जाते आतड्यातून, जठरातून नाही.

नेमका हाच घोटाळा आणखी एका मार्गानं होतो. दिवसा गोळ्यांचा परिणाम नीट यावा म्हणून काही रुग्णांना प्रथिनं संध्याकाळनंतर घ्यायला सांगतात. सल्ला योग्य असतो, पण घरी त्याचा अर्थ 'दिवसभर भात-भाजी आणि रात्री नऊला डाळ, अंडी, पनीर, वर दूध' असा होतो. दिवस सुधारतो आणि रात्र बिघडते. रात्र बिघडली की दिवसा माणूस पेंगतो, दुपारचं जेवण चुकतं, वजन उतरतं. मग दोष हार्मोनांवर जातो.

समजा तुमच्या आईच्या गोळ्या सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि झोपताना अशा आहेत. मग दिवस असा लावून बघा : सातला गोळी साध्या पाण्याबरोबर, नाश्ता पावणेआठला. अकराला गोळी, जेवण पावणेबाराला. तीनला गोळी, दूध किंवा ताक आणि खाणं चारला. सातला गोळी, रात्रीचं जेवण पावणेआठला, आठ-सव्वाआठपर्यंत आवरलेलं. शेवटची गोळी सव्वादहाला, अर्धा पेला पाण्याबरोबर. सूत्र एवढंच : गोळी जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. रिकाम्या पोटी गोळीनं मळमळत असेल तर बरोबर साळीच्या लाह्या, अर्धं केळं किंवा एखादं साधं बिस्किट चालेल, दूध नको. रात्री भूक लागून झोप मोडत असेल तर केळं किंवा मुरमुरे हाताशी ठेवा.

प्रथिनं तोडायची नाहीत, हेही ठळक लिहून ठेवा. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम तरी हवीत; ५५ किलोच्या बाईला ५५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण पाच-सहा ग्रॅम, एक अंडं सहा ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर नऊ ग्रॅम, असा हिशोब लावला की कळतं किती कमी पडतंय. आठ-दहा दिवस वेळा सांभाळूनही पहाट तशीच राहिली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मग झोपताना लांब पल्ल्याची सीआर गोळी द्यायची, की असलेली वाढवायची, हे ते ठरवतील. सीआर गोळी कुटून किंवा चावून देऊ नका. तिचा हळूहळू सुटण्याचा गुण जातो आणि सगळी मात्रा एकदम अंगावर येते.

तोवर कूस वळण्याची युक्ती. सॅटिनचं कापड गादीच्या मधल्या भागावरच घाला, खांद्यापासून मांडीपर्यंत. टाचांखाली सुती चादर राहू द्या, म्हणजे पायाला पकड मिळते. संपूर्ण पलंग गुळगुळीत केला आणि कपडेही सॅटिनचे घातले तर माणूस घसरून खाली येतो. हा प्रकार उत्साहाच्या भरात बऱ्याच घरांत होतो. जड वाकळ किंवा गोधडी पायांत गुंतते, तिच्याऐवजी हलकं ब्लँकेट द्या. वळताना क्रम असा : दोन्ही गुडघे वाकवून पावलं गादीवर टेकवायची, मान ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला फिरवायची, गुडघे त्याच बाजूला पडू द्यायचे, आणि वरचा हात पलीकडे टाकून पलंगाची कड पकडायची. मान आधी वळवायला विसरलं की खांदा जागचा हलत नाही. उठून बसायचं असेल तर याच स्थितीतून पाय कडेबाहेर सोडायचे आणि कोपरावर भार देऊन वर यायचं. दिवसा, गोळीचा अंमल असताना, पाच-सहा वेळा सराव करून घ्या. पहाटे दोनला पहिल्यांदा शिकवून उपयोग नाही.

प्रश्न : माझे यजमान झोपेत ओरडतात, लाथा मारतात. परवा त्यांच्या कोपरानं माझा ओठ फुटला. सकाळी विचारलं तर म्हणाले, कुत्रा मागे लागला होता. मन अशांत आहे म्हणून असं होतं का? – डोंबिवली

नाही. मनाचा यात दोष नाही आणि तुमच्यावरचा रागही नाही. स्वप्नं पडतात त्या आरईएम झोपेत मेंदूचा खोडभाग सगळे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावर स्वस्थ असतो. पार्किन्सन्समध्ये हे कुलूप सैल होतं आणि स्वप्न अंगात उतरतं. मिनेसोटातल्या डॉक्टरांनी १९८६ साली याचं स्वतंत्र विकार म्हणून वर्णन केलं. कित्येकांत तो कंपाच्या आधी कैक वर्षं सुरू झालेला असतो. तुम्हालाही मागे वळून आठवून बघितलं तर सापडेल. बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात जास्त होतो.

पहिलं काम औषधाचं नाही, खोलीचं आहे. उशाशी काचेचा ग्लास, पितळी तांब्या, टोकदार कोपऱ्याचं टेबल नको. पलंग बुटका हवा, खाली जाड सतरंजी किंवा गादी टाका. सध्या तुम्ही वेगळ्या पलंगावर झोपा, यात संकोच कसला? स्वप्न चालू असताना अंगाला हात लावून हलवू नका, दुरून नावानं हाक मारा.

औषधांत मेलाटोनिन तीन मिलिग्रॅमपासून, झोपण्याआधी, आणि गरजेप्रमाणे वाढवत. किंवा क्लोनाझेपाम पाव ते अर्धा मिलिग्रॅम. दुसरं जास्त जुनं आणि असरदार मानलं जातं, पण त्यानं रात्री लघवीला उठताना तोल जातो, विस्मरण वाढतं, आणि घोरताना श्वास अडकणाऱ्यांना ते त्रासाचं ठरतं. ते घोरतात का, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, हे डॉक्टरांना सांगायला तुमच्याइतकं चांगलं साक्षीदार कुणी नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचं चित्रण केलंत तर उत्तमच.

आणखी एक. भूक आणि झोप दोन्ही सुधारतात म्हणून मिर्टाझापिन नावाची उदासीनतेवरची गोळी रात्री देतात. वजन उतरलेल्या, उदास रुग्णाला ती खरंच उपयोगी पडते. पण तिच्यामुळे आणि याच गटातल्या इतरही काही गोळ्यांमुळे झोपेतली ही झटापट वाढू शकते. पायांची तळमळही वाढते. अशी गोळी सुरू झाल्यापासून लाथा वाढल्यात का, हे तारखांसकट कळवा.

प्रश्न : पत्नीला (वय ५८) वर्षभरापूर्वी प्रामिपेक्सोल सुरू केलं. कंप कमी झाला, पण रात्री उठून लाडू, फरसाण, साखर, हाताला येईल ते खाते. सात किलो वजन वाढलं. विचारलं तर चिडते. हार्मोन्स बिघडले असतील का? – बेळगाव

मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर सगळ्यात आधी ग्लुकोमीटर. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि रात्रीचं जेवण अपुरं झालं, तर मध्यरात्री साखर उतरते : घाम, थरथर, घाबरं होणं आणि गोडावर धाव. पार्किन्सन्सच्या घरात ही थरथर 'आजाराचीच' समजून सोडून दिली जाते. ती उठली की तिथल्या तिथे तपासा. ७० च्या खाली आकडा आला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.

साखर ठीक असेल तर दिवसभराचं खाणं बघा. दिवसा नुसता चहा आणि दोन पोळ्या असतील तर रात्री ती खरी भूक आहे. पण तुमच्या वर्णनात तिसरीच शक्यता दिसते. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधं डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची नक्कल करतात. मेंदूत हालचालीच्या वाटेवर डोपामिन कमी पडलेलं असतं तिथे ती उपयोगी, पण 'आणखी हवं' म्हणणाऱ्या वाटेलाही ती चिथावतात. त्यातून येते ती भूक नाही, आवेग आहे. ओळखायची खूण : पोट भरलेलं असतानाही थांबता येत नाही, लपून खाल्लं जातं, पदार्थ आवडीचा असावा लागत नाही. याच आवेगाची दुसरी रूपं म्हणजे ऑनलाइन रमी, अनावर खरेदी, लैंगिक इच्छा अचानक वाढणं, तेच तेच कपाट तासन्‌तास आवरत बसणं. रुग्ण स्वतः सांगत नाही, लाज वाटते. चिडण्याचं कारणही बहुधा तेच. कुलूप लावलेल्या फडताळानं भांडण वाढेल, आवेग कमी होणार नाही.

गोळी मात्र मनानं बंद करू नका. एकदम थांबवली तर घबराट, घाम, अंगदुखी, खोल उदासी येते. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्यानं उतरवतात आणि त्या जागी लेव्होडोपा वाढवतात; आवेग बऱ्याचदा महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो. कंप थोडा परत येईल, हे दोघांनी आधीच मान्य करून ठेवा. याच गटातल्या औषधांनी बसल्या जागी, कसलीही पूर्वसूचना न देता झोप लागू शकते. १९९९ साली हे प्रथम लक्षात आलं ते गाडी चालवणाऱ्या रुग्णांच्या अपघातांवरून. पत्नी स्कूटर चालवत असतील तर तूर्त चावी बाजूला.

प्रश्न : दुपारी जेवण झालं, की वडील ताटावरच पेंगतात. रात्री झोप ठीक आहे. आळस समजायचा का? – फोंडा

रक्तदाब मोजा. जेवणाआधी बसून एकदा, मग जेवणानंतर ३०, ६० आणि ९० मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त खाली येत असेल तर ती झोप नव्हे, रक्त पोटाकडे ओढलं जातंय आणि मेंदूला कमी पडतंय. ताटलीभर शीत-कडीऐवजी भात निम्मा करा आणि उरलेलं चारला द्या. जेवणाआधी मोठा ग्लासभर पाणी प्यायला लावा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. जेवणानंतर लगेच उभं राहून आंघोळीला जाऊ देऊ नका. रात्री पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चार-सहा इंचांचे ठोकळे ठेवा. उशांची चवड करून उपयोग नाही, त्यानं मान तेवढी वाकते. रक्तदाब उतरत नसेल तर प्रश्न उरतो दिवसाच्या औषधांचा आणि घोरण्याचा. दुपारी २०-२५ मिनिटांची डुलकी चालेल, गजर लावून, तीनच्या आत.

प्रश्न : भूक लागत नाही म्हणून मेडिकलवाल्यानं भुकेचं सिरप दिलं, आणि जळजळीसाठी ॲसिडिटीची कॅप्सूल. महिन्याभरात बाबांची चाल जास्तच मंदावली. गोळ्यांची सवय झाली असेल का? – जळगाव

या कॅप्सूलची पट्टी पालथी करून बारीक अक्षरं वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या पुढे 'लेव्होसल्पिराइड' असं नाव असेल, तर मंदावण्याचं कारण बहुधा तेच. जठराची हालचाल वाढवायला ते घालतात, पण ते मेंदूतल्या डोपामिनचीही वाट अडवतं. पार्किन्सन्स नसलेल्या माणसातही त्यानं पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात, आणि आपल्याकडे ही जोडगोळी विनाचिठ्ठी सर्रास मिळते. आमच्या मते या आजाराच्या रुग्णाच्या फायलीवर लाल शाईनं लिहून ठेवायची नावं पाच : लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, आणि चक्कर किंवा अर्धशिशीवर दिली जाणारी सिनारिझिन व फ्लुनारिझिन. मळमळीसाठी डोम्पेरिडोन चालतं, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. पण हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी ईसीजी. नुसतं पँटोप्राझोल असेल तर ही अडचण नाही. लेव्होसल्पिराइड थांबवल्यावर चाल पूर्ववत यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर लेव्होडोपा वाढवायची घाई नको.

भुकेच्या सिरपमध्ये बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं. मुलांची भूक वाढवायला ते खपतं. म्हाताऱ्या माणसाला त्यानं तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, दिवसा गुंगी आणि गोंधळलेपण येतं. बद्धकोष्ठ वाढलं की पोट फुगतं आणि भूक आणखी मरते, म्हणजे सिरप स्वतःच्याच विरुद्ध काम करतं. भूक हवी असेल तर आधी पोट साफ हवं. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत, म्हणजे रात्री लघवीच्या फेऱ्या वाढत नाहीत. पपई, भिजवलेले अंजीर, काळ्या मनुका. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल डॉक्टरांच्या सल्ल्यानं नियमित. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेऊ नये, आणि गिळायचा त्रास असेल तर मुळीच नको. घशात फुगून बसतं.

प्रश्न : रात्री अंथरुणावर पडलं की पायांत किडे वळवळल्यासारखं होतं. उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. – चंद्रपूर

फेरिटिन तपासा. पंडुरोग नसला तरी लोहाचा साठा कमी असू शकतो. या तक्रारीत फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर बहुधा लोह देतात. गोळी लेव्होडोपाबरोबर घेऊ नका, दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि लेव्होडोपा वाया जातो. मध्ये निदान दोन तास ठेवा. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबूपाणी चालेल. रात्रीचा चहा-कॉफी बंद. ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनीही ही तळमळ वाढते.

प्रश्न : खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण घेतलं तर झोप आणि भूक दोन्ही सुधारतात, असं कळलं. लेव्होडोपाबरोबर चालेल का? – सातारा

खाजकुयलीच्या बीत लेव्होडोपाच असतो, म्हणून तिचा गुण येतो हे खरं. अडचण मोजमापाची. चमच्यात नेमका किती गेला हे दर डब्याला बदलतं, आणि गोळीत कार्बिडोपा असतो तसा चूर्णात नसतो. त्यामुळे बराचसा लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच शरीरात बदलतो आणि मळमळ वाढते, म्हणजे भूक उलट कमी. चालू गोळ्यांवर चूर्ण चढवलं तर अंग वळवळणं, रक्तदाब उतरणं, भास होणं, हे सगळं संभवतं. आधीच घेत असाल तर लपवू नका. चूर्णाचा डबाच वहीसोबत डॉक्टरांसमोर ठेवा, आणि कधीपासून, किती चमचे, हे त्याच रकान्यात लिहा.